पांढऱ्या गाडीवरची खरखर

पाऊस ओसरला की सिल्वासातल्या आमच्या डोकमर्डीच्या गल्लीत गाड्या धुण्याचे दिवस येतात. दसरा तोंडावर आलेला असतो. फाटकाफाटकातून पाण्याच्या नळ्या बाहेर येतात, रस्त्याच्या कडेने साबणाचं पाणी ओघळत जातं, आणि ज्याच्या दारात ते तुंबतं तो आपापल्या भाषेत ओरडतो. कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत, कुणी आमच्या खानदेशी हेलात. मैदानावरच्या गरब्याच्या मंडपात कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारत असतं. ऊन असं करकरीत, की धुतलेली गाडी पुसेपर्यंत वाळते आणि अंगावर पाण्याचे पांढरे डाग घेऊन उभी राहते.

आज सकाळी मीही आमची गाडी धुतली. पुसून झाल्यावर डोळे मिटले आणि बॉनेटवरून सावकाश तळहात फिरवला. शाळेतल्या माझ्या मुलांनी पाहिलं असतं तर म्हणाली असती, मॅडम गाडीला ताप आलाय का बघतायत. हाताला काहीतरी लागलं. बारीक, वाळूसारखं. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या गाडीला हे होतंच. आणि ते लागताक्षणी मला तो हंगाम आठवला. दसऱ्याला सुरू झालेला आणि संक्रांतीच्या पुढपर्यंत रेंगाळलेला, आमच्या आईचा हंगाम.

आई मूळची नंदुरबारकडची. बाबा गेले तेव्हा मी कडेवर होते. मला घेऊन ती सिल्वासाला आली आणि धाग्याच्या कंपनीत लागली. मशीनवरून उतरलेली धाग्याची रिळं तपासायचं तिचं काम. रीळ फिरवायचं आणि त्यावरून उजव्या हाताचा तळवा न्यायचा. कुठे एखादा तंतू तुटून वर आलेला असेल तर तो डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. लागला की ते रीळ बाजूला. निवृत्त होईपर्यंत तिने हेच केलं. त्यामुळे तिच्या हाताला एक खोड लागली होती. दुकानात साडी बघताना ती रंग मागाहून बघायची, आधी पदरावरून हात फिरवायची. मी शाळेतून आले की माझ्या गालावरून तोच हात. "आज रडली का व?" ती विचारायची. मला वाटायचं, हिला कसं कळतं? वाळलेल्या आसवांची खरखर तिला कळत असणार.

त्या वर्षी श्रावण संपता संपता एका सकाळी ती वेणी घालत होती. मी डबा भरत होते. तिच्या बोटांतून पेड सुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग तिने मला हाक मारली, आणि तिच्या आवाजात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं.

"वैशू, मना हात कोठे गया व?" माझा हात कुठे गेला गं?

माझा नवरा प्रमोद घरीच होता म्हणून बरं. त्याने तिला उचललं आणि तडक सरकारी दवाखान्यात नेलं. लकवा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वाचा आधी परत आली, मग पाय आला. काठी धरून ती चालायला लागली. उजवा हात मात्र मागे राहिला. हलायचा, पण आज्ञा ऐकल्यासारखा नाही. आणि त्याला काही लागत नव्हतं. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. "दुसऱ्या कुणाचा तरी हात माझ्या खांद्याला शिवून दिलाय," ती म्हणायची.

हात गेला त्याहून मला एका गोष्टीचं जास्त वाईट वाटायचं. ती आमच्यासोबत जेवेनाशी झाली. डाव्या हाताने जेवताना कुणी बघितलेलं तिला सहन होत नसे. भरवलेलं त्याहून नको. ताट आतल्या खोलीत ठेवायला लावायची आणि दार लोटून घ्यायची. आम्ही दोघं बाहेर जेवायचो. आतून ताटावर चमचा आपटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आत्ताचे महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता हा हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरून जाईल." आणि त्यांनी आईला कणकेसारखा एक हिरवा गोळा दिला. दाबायचा, लांबवायचा, पुन्हा दाबायचा.

आईने तो उलटसुलट करून पाहिला. "याचं पुढे काय होतं?"

"काही नाही होत, मावशी. नुसतं दाबायचं. व्यायाम आहे."

"पोळ्या नाहीत, काही नाहीत?"

"नाही."

"मग कशाला मळू?" आई म्हणाली.

तिचं खरंच होतं. तिच्या हातातून जे गेलं ते आयुष्यभर पुढे कुठेतरी गेलं होतं. रीळ खोक्यात, खोकं ट्रकमध्ये, ट्रक सुरतेला. घरी आल्यावर तो हिरवा गोळा खिडकीत गेला आणि तिथेच वाळला. मी रागावले, विनवलं, एकदा रडलेसुद्धा. आईने मान फिरवली.

याच दिवसांत आमची गाडी आजारी होती म्हणा ना. आमची पहिलीच गाडी. जुनीच घेतलेली, पण पांढरीशुभ्र. प्रमोदच्या कंपनीला लागून लोखंड घासण्याचा एक कारखाना आहे. तिथून उडणारा चुरा इतका बारीक, की हवेत दिसायचा नाही. पण वर्षभर तो गाडीवर बसत गेला आणि पावसात तिथेच गंजला. गाडीभर केशरी ठिपके, जणू कुणी तिखट उधळलं होतं. कितीही धुवा, ठिपके तसेच. दसऱ्याला अशी गाडी पुजायची कशी, म्हणून दवाखान्यातून परतताना मी आईला घेऊन किलवणीच्या रस्त्यावर हर्षदभाईंच्या वॉशिंग सेंटरला थांबले.

हर्षदभाई म्हणजे पोट सुटलेला, सदा ओल्या पायांचा, मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्यांनी गाडी धुतली, मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवली.

"ताई, धुतली म्हणजे साफ झाली असा नाय. हात लावून बघा. पिशवीतून बघा, उघड्या हाताला एवढा समजत नाय."

मी पिशवी चढवली. खरोखर, हातच वेगळा झाला. गुळगुळीत वाटणाऱ्या पत्र्यावर रवा सांडल्यासारखं झालं. मग त्यांनी खिशातून साबणाच्या वडीएवढा निळसर गोळा काढला. "आ क्ले छे. माती बोलतात, पण माती नाय." त्याचा तुकडा तोडून बोटांनी मळला, चपटा केला, पत्र्यावर साबणाचं पाणी फवारलं आणि तो तुकडा अलगद पुढेमागे सरकवायला लागले. आधी खर्र, खर्र आवाज आला. मग हळूहळू तो आवाज विरत गेला आणि तुकडा लोण्यावरून घसरावा तसा घसरायला लागला. त्यांनी तो उलटून दाखवला. त्यावर सगळी केशरी घाण चिकटलेली होती. जिथे फिरवला होता तिथला पत्रा काचेसारखा झाला होता.

आई गाडीतच बसली होती, खिडकी खाली करून. "ती पिशवी इकडे आण," ती म्हणाली.

काठी टेकत ती उतरली. पिशवी डाव्या हाताला चढवून तिने दार तपासलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटली. कंपनीत रीळ हातात घेतल्यावर उमटत असेल तशी. "केवढं खरबरीत आहे हे!" मग पिशवी काढली. डाव्या हाताने ती उजव्या हातावर चढवायला तिला बराच वेळ लागला. मी मदतीला गेले तर तिने मला डोळ्यांनी थांबवलं. उजवा हात दारावर ठेवला. सरकवला. पुन्हा सरकवला.

काही लागलं नाही. शेजारी एक टेम्पो धुतला जात होता, त्याच्या पाण्याचा तेवढा आवाज.

"हर्षदभाई," आई शेवटी म्हणाली, "ती माती मला द्या. आमची गाडी मी करते."

"मासी, आखी गाडी?"

"मला काय दुसरं काम आहे?"

हर्षदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. गाडी सावलीत आणि थंड असताना करायची. वीतभर जागा घ्यायची, तेवढीच करायची. जोर लावायचा नाही. घाण झाली की मळून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. "आणि खाली पडला तर फेकून द्यायचा, मासी. जमिनीवरची रेती चिकटते, मग गाडीला चरे पडतात."

इमारतीच्या खाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, सकाळी छान सावली असते. तिथे आईची प्लास्टिकची खुर्ची गेली. मी शाळेत जायच्या आधी गाडीचा एक भाग धुऊन द्यायची, फवाऱ्याची बाटली भरून ठेवायची. प्रमोद दुसऱ्या पाळीला असला की जवळपास असायचा, पण त्याला हे पसंत नव्हतं. "आई पडल्याबिडल्या तर? लोक काय म्हणतील?" समोरच्या काकूंनी तर मला जिन्यात गाठून म्हटलंच, "अगं, आजारी माणसाला गाडी पुसायला बसवलंस?" मी घरी येऊन ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, पुसत नाही. चेकिंग करते."

पहिल्या दिवसांत तिचा सगळा वेळ तुकडा मळण्यातच जायचा. उजव्या तळव्यावर ठेवायचा, बोटं मिटायची. बोटं मिटायची नाहीत. डाव्या हाताने ती एकेक मिटून द्यायची. तुकडा पडायचा. पडला की फेकायचा. तिला फेकणं जिवावर यायचं, पण फेकायची. मग तिने ओटीत जुनं धुतलेलं फडकं पसरून घेतलं, म्हणजे पडला तरी मांडीवर पडेल.

एक दिवस शाळेला सुट्टी होती म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसून तिला नीट पाहिलं. उजव्या हाताखाली तुकडा, त्या हातावर डावा हात, आणि मान एका बाजूला कललेली. ती ऐकत होती. हाताला काही लागत नव्हतं, म्हणून ती कानाने काम करत होती. खर्र, खर्र. फवारा. पुन्हा खर्र. मग आवाज बारीक होत होत थांबला की ती समाधानाने पुसायची आणि पुढच्या वीतभर जागेकडे वळायची. पुसून झाल्यावर पिशवी घालून तपासणी. आधी डावा हात, मग उजवा. उजव्याला काहीच कळायचं नाही, तरी त्याला वगळलं असं एकदाही झालं नाही. त्या पायरीवर मला वाटून गेलं, मी वर्गात मुलांना चिकाटीवर निबंध लिहायला सांगते. मुलं मुंगीचं, कोळ्याचं उदाहरण देतात. मला हे कुणी लिहून दाखवलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

गाडीची उजवी बाजू दिवाळीपर्यंत होत आली. आणि मग ते घडलं. एके सकाळी तुकडा मांडीवरून घरंगळून फरशीवर पडला. त्या दिवशी हात कधी नव्हे इतका चांगला चालला होता, तिला थांबवेना. तिने तो उचलला, फडक्याला पुसला आणि त्याच बाजूच्या मागच्या दारावर फिरवला. त्यात वाळूचा खडा होता. उजव्या हाताला तो कळला नाही. कान होते, पण नेमका वरच्या मजल्यावर कुणीतरी फटाके लावत होतं. पुसल्यावर दिसलं, दारावर एकाखाली एक बारीक चरे उठले होते.

मी घरी आले तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. "ज्या हाताला खडा कळत नाही, त्या हाताने काय करायचं?" एवढंच बोलली. खुर्ची वर आली. क्लेचा डबा फडताळात गेला. जेवणाच्या वेळी दार लोटलेलं होतंच, आता इतर वेळीही लोटलेलं राहायला लागलं.

प्रमोद चिपळूणचा. फार बोलणारा नाही. गाडीवर त्याचा जीव, हे मला माहीत होतं, म्हणून मी धसकले होते. त्याने चरे पाहिले, त्यावरून अंगठा फिरवला आणि वर येऊन हातपाय धुतले. रविवारी म्हणाला, "चला, दुधनीला जाऊ. आईंना जरा हवा लागेल."

दुधनीच्या वाटेवर भात कापून झालं होतं. खळ्यांवर पेंढ्या, उतारांवर खुंट, आणि हवेत तो कापलेल्या भाताचा गोडसर वास. धरणाचं पाणी काठोकाठ होतं. आम्ही उतरून काठाशी उभे राहिलो. दोन माणसं होडीतून जाळं ओढत होती. ऊन उतरतीला लागलं होतं. गाडी पाण्याच्या बाजूला उजवं अंग करून उभी होती, आणि त्या अंगात अख्खं धरण उतरलं होतं. डोंगर, होडी, पाण्याची थरथर, सगळं.

आईने ते पाहिलं. काठी टेकत ती गाडीच्या मागून फिरून डाव्या बाजूला गेली. तिकडे काहीच दिसत नव्हतं. नुसता मळकट पांढरा पत्रा आणि केशरी ठिपके.

प्रमोद तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "आई, मी आता ही अशी अर्धी गाडी घेऊन कंपनीत कसा जाऊ? गेटवरचा वॉचमन विचारतो, साहेब, एका बाजूने लग्न ठरलंय का?"

आई हसली. लकव्यानंतर तिचं हसू किंचित वाकडं झालं होतं, पण ते हसू होतं. "आणि ते चरे?"

"ते असू देत. उजव्या बाजूची ओळख राहील."

"ती माती अजून आहे का रे?" तिने विचारलं.

"संपत आली होती. मी नवीन आणलीय," प्रमोद म्हणाला. मला हे माहीतच नव्हतं.

मग थंडी आली. थंडीत क्ले दगडासारखा होतो. प्रमोद सकाळी वाटीत कोमट पाणी घेऊन खाली जायचा आणि तुकडा त्यात सोडायचा. मग तो बाहेर काढून आईच्या उजव्या तळव्यावर ठेवायचा आणि स्वतः बाजूला होऊन पेपर वाचायचा, तिच्याकडे न बघता. त्याचं ते न बघणं मला फार आवडायचं. समोरच्या काकूही आता खाली येऊन थांबायच्या. एकदा त्यांनीच पिशवी हातावर चढवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, मऊ झालंय की!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांची स्कूटर आमच्या गाडीशेजारी लावलेली होती.

बोटं मिटायला लागली होती. डाव्या हाताची मदत कमी होत गेली. मॅडमनी तपासलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. "मावशी, काय करता घरी?" आई म्हणाली, "कणीक मळते. लोखंडाची." पण लागत मात्र अजून काही नव्हतं. डोळे मिटायला सांगून मॅडमनी बोटाला कापूस लावला, टाचणी लावली. आई दोन्ही वेळा गप्प होती.

हे सगळं आता मागे पडलंय. आज तो हात पुष्कळसा आपला आहे, सगळा नाही. सुईत दोरा मला ओवून द्यावा लागतो, ब्लाउजची वरची हुकं लावून द्यावी लागतात. पण ती आमच्यासोबत बसून जेवते. वरणभात कालवताना दोन शितं ताटाबाहेर पडतात, ती डाव्या हाताने उचलून घेते आणि बोलणं चालू ठेवते. हे कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस दार लोटलं नाही, एवढंच. उजवा हात जागा कधी झाला ते मात्र माझ्यासमोर घडलं.

संक्रांत नुकतीच झाली होती. गाडीचा फक्त मागचा भाग, डिकीचं झाकण, उरला होता. तोही आईने जवळजवळ संपवला होता. मी सुट्टीच्या सकाळी चहा घेऊन खाली गेले. तिने पिशवी चढवली होती. डावा हात चहाच्या कपाकडे गेला होता म्हणून असेल, तपासणीला आधी उजवा हात लागला. तो झाकणावरून सावकाश खाली आला, नंबरप्लेटच्या वर, आणि थांबला. थोडा मागे गेला. पुन्हा खाली आला. पुन्हा तिथेच थांबला.

"वैशू," ती कुजबुजल्यासारखं बोलली, "इथे काहीतरी आहे."

मी कप खाली ठेवला. बोट लावलं. एक कण होता. एकच, खसखशीएवढा, क्लेतून निसटलेला.

"आहे ना?"

"आहे, आई."

"मले लागी राहिनं व," ती म्हणाली. मला लागतंय गं. आणि तिने पुन्हा हात वर नेला, पुन्हा खाली आणला, जणू तो कण पळून जाईल.

मी धावत वर जाऊन प्रमोदला उठवलं. तो तसाच, चुरगळलेल्या शर्टात, खाली आला. आईने डोळे मिटून तो कण त्याला पुन्हा शोधून दाखवला. त्याचा चेहरा कसातरीच झाला. काहीतरी करायचं म्हणून त्याने घाईघाईने वाटीतला क्ले उचलला आणि कण काढायला वाकला.

"थांब!" आई ओरडली. आजारानंतर तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "हात लावू नको त्याला. राहू दे. उद्या परत बघते, लागतो का."

म्हणून तो कण राहिला. उद्या लागला. परवाही लागला. एके दिवशी लागला नाही तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. प्रमोद गाडी धुताना डिकीवरचं तेवढं नंबरप्लेटच्या वरचं वर्तुळ सोडून धुवायचा. हर्षदभाई मेणाचं पॉलिश घेऊन मुद्दाम घरी आले, त्यांनी आपल्या हाताने सगळ्या गाडीला पॉलिश केलं, पण तिथे पोचल्यावर थांबले. "मासीनो दाणो," ते म्हणाले, आणि त्याच्या भोवतीने फडकं फिरवलं. सगळ्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर खसखशीएवढा एक लोखंडाचा कण आम्ही असा जपला, की सोन्याचा असता तरी इतका जपला नसता.

मग एका सकाळी मी खाली गेले तर आई खुर्चीवर नव्हती, गाडीच्या मागे काठीशिवाय उभी होती. उजव्या हाताने फवारा मारला. उजव्याच हाताने तुकडा चपटा केला आणि झाकणावर ठेवला. खर्र, असा अगदी छोटा आवाज झाला. मग काहीच नाही.

तिने क्ले उलटून पाहिला. मधोमध केशरी ठिपका होता. तिने तो मिटून आत मळून टाकला आणि माझ्याकडे वळली.

"झाली तुमची गाडी," आई म्हणाली. "आता ती स्कूटर आण इकडे."